नकाशामागची पावले

मामूंनी पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली तेव्हा मला वाटले, कुणाच्या तरी निकाहची दावत असेल. निघाला नकाशा. आमच्या आजोळच्या गावाचा, निजामाच्या अमदानीतला, कचेरीतून काढून आणलेली नक्कल. गावाबाहेरचा रस्ता रुंद होणार होता. खुणेचे खांब कबरस्तानाच्या आत रोवले गेले होते, आणि कबरस्तानाची हद्द नेमकी कुठवर, यावर चावडीपासून मशिदीपर्यंत बोलणे चालले होते. नकाशावर बारीक अक्षरांत उर्दूत काही लिहिले होते. गावात ते वाचू शकणारी दोनच म्हातारी माणसे होती. एकाची नजर गेली होती, दुसरे मागच्या वर्षी त्याच कबरस्तानात गेले. मामू म्हणाले, "तू उर्दू शाळेत पोरांना पढवतेस ना, मग हे वाच."

वाचायला तासभर लागला. लिहिणाऱ्याने नुक्ते दिलेच नव्हते. एका बाजूला 'नाला', दुसऱ्या बाजूला 'शारे-आम', म्हणजे सर्वांचा रस्ता, आणि मध्ये एका चौकोनात 'क़ब्रस्तान अहले-इस्लाम'. चौकोनाच्या एका कोपऱ्यावर दगडाची खूण होती. एवढेच. पण मामू ज्या नजरेने त्या चौकोनाकडे बघत होते, तशा नजरेने मी वर्गात कधी नकाशा दाखवलेला नाही, याची मला लाज वाटली.

मराठवाड्यात असे कागद अजून पुष्कळ आहेत. २०२३ साली निजामकालीन नोंदी शोधण्याचे काम सरकारने हाती घेतले तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकदम आठवण झाली. आमच्यासारख्यांना तेवढ्यापुरता भाव आला. असो.

त्या रात्री मी संगणकावर तीच जागा उपग्रहाच्या चित्रात शोधली. ओढा सापडला, रस्ता सापडला. दोहोंच्या मध्ये हिरवा ठिपका होता, लिंब आणि बाभळी. कबर एकही दिसली नाही. आमच्याकडे कबरी बहुधा कच्च्या मातीच्याच असतात, दोन पावसाळ्यांत जमिनीशी एकजीव होतात. वरून पाहणाऱ्याला ती जागा म्हणजे थोडी झाडे असलेली पडीक जमीन. खांब रोवणाऱ्याने बहुधा असलेच चित्र पाहिले असावे. चित्र खोटे नव्हते. त्याला जे विचारले गेले नव्हते, ते त्याने सांगितले नव्हते, इतकेच.

मुलांना आपण शिकवतो की नकाशाचे प्रकार इतके आणि इतके: प्राकृतिक, राजकीय, स्थलदर्शक, गावनकाशा, मग हवाई छायाचित्र, मग उपग्रहप्रतिमा. मुले पाठ करतात. हे प्रकार निरनिराळ्या माणसांच्या निरनिराळ्या गरजांतून आले, हे सांगायचे मात्र राहून जाते.

'नकाशा' हा आपला मराठी शब्द 'नक्शा'वरून आला, हे सर्वांना माहीत आहे. अरबीत आज नकाशाला 'खरीता' म्हणतात. याच अक्षरांचा, पिशवी या अर्थाचा शब्द फारसीमार्गे आपल्याकडे येऊन 'खलिता' झाला. सिसिलीचा ख्रिस्ती राजा रॉजर दुसरा याने ज्या मुसलमान पंडिताकडून जगाचा नकाशा करवून घेतला त्या अल-इद्रीसीने ११५४ साली तो पुरा केला. सत्तर तुकड्यांत जगाची मांडणी, शिवाय चांदीच्या मोठ्या तबकडीवर कोरलेले जग. तबकडी नंतरच्या दंगलीत नाहीशी झाली, ग्रंथ राहिला. त्यात दक्षिण वर आहे. वर्गात हा नकाशा दाखवला की मुले मान उलटी करून बघतात आणि हसतात. मी म्हणते, हसा, पण उत्तर वर असावी असे कुठल्या किताबात लिहिले आहे? इद्रीसीने बरेचसे जग व्यापारी आणि प्रवासी यांना विचारून कागदावर आणले होते. स्वतःचे पाय जिथे पोहोचले नाहीत तिथे दुसऱ्याचे पाय.

त्याच्याही शंभराहून अधिक वर्षे आधी अल-बिरूनीने वेगळीच वाट काढली. पंजाबात नंदना नावाचा किल्ला आहे, आता तो पाकिस्तानात आहे. किल्ल्याच्या डोंगरासमोर सपाट मैदान. बिरूनीने आधी डोंगराची उंची काढली, मग माथ्यावरून क्षितिज किती अंशांनी खाली दिसते तो कोन मोजला आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. वाळवंटातून मैलोगणती दोऱ्या ओढत नेण्याचे कारण उरले नाही. हात न लावता, दुरून, कोनाने मोजायचे. आज ज्याला आपण सुदूर संवेदन म्हणतो त्याची यंत्रे निराळी आहेत, पण दुरून मोजण्याची ही हिकमत त्याच घराण्यातली.

पण शेताचा बांध दुरून मोजता येत नव्हता. पूर्वी हद्द शब्दांत असे: पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचे शेत, ज्याला चतुःसीमा म्हणत. शब्दांची हद्द माणसांच्या आठवणीवर उभी. इंग्रजांना सारा हवा होता, त्यासाठी आकडा हवा होता. १८२०च्या दशकात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये जी मोजणी केली ती इतकी सदोष निघाली आणि तीवर बसवलेला सारा इतका जड झाला, की लोकांनी जमिनी टाकून गावे सोडली. चुकीचे माप कागदावर चढले की पोट कसे मारते, याचा इतका उघड दाखला दुसरा सापडणार नाही. मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, त्या भागांना नाव आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. रुपयाचे आणे गेले, तरी गुंठा आमच्या तोंडून जात नाही. सालारजंग यांच्या दिवाणगिरीत, १८७०च्या दशकात, हैदराबाद संस्थानातही मोजणी सुरू झाली ती याच मुंबईच्या धर्तीवर. मामूंच्या पिशवीतला नकाशा त्याच वंशातला.

त्या नकाशात एक इंच म्हणजे वीस साखळ्या. आमचे कबरस्तान सुमारे पंचवीस गुंठे, पाच साखळ्या लांब आणि पाच रुंद, म्हणून नकाशावर पाव इंचाचा चौकोन. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे पाचशे मीटर, त्यात हीच जागा एक मिलिमीटर भरते. त्या नकाशाला जमिनीचा चढउतार दाखवायचा असतो: तपकिरी समोच्च रेषा, निळे पाणी, पिवळी शेती, हिरवे रान, तांबडी वस्ती. फौजेला तोफ कुठून चढवायची आणि इंजिनिअरला धरण कुठे बांधायचे हे त्यातून कळते. सात-बारा कुणाच्या नावावर, हे त्याला विचारू नये.

या स्थलदर्शक नकाशांच्या मागे जी प्रचंड मोजणी होती तिचा इतिहास मी बी.एड.ला असताना पहिल्यांदा वाचला, आणि त्यातली काही माणसे तेव्हापासून माझ्याबरोबर आहेत. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची पहिली रेषा मोजायला घेतली. एक बाजू साखळीने मोजायची, मग टेकडीवरून टेकडीवर नेम धरून कोन मोजायचे आणि त्रिकोणांची माळ उत्तरेकडे नेत जायचे. कोन मोजण्याचे यंत्र, थिओडोलाइट, अर्धा टन वजनाचे. १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटून ते भिंतीवर आपटले आणि वाकले. लॅम्ब्टनने स्वतः बसून ते सरळ केले. ही माळ हैदराबादच्या मुलखातून, बिदरवरून पुढे सरकली. लॅम्ब्टनचे १८२३ साली वर्ध्याजवळ हिंगणघाटला निधन झाले. त्याची कबर तिथेच आहे.

त्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट. त्याचे नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले. ज्यांनी त्या शिखराचे आकडे सोडवले त्या राधानाथ सिकदार यांचे नाव आता कुठे पाठ्यपुस्तकांत येऊ लागले आहे. पण मला सांगायचे आहे ते सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याविषयी. हे अर्काटचे. मद्रासमध्ये त्यांच्या हातातले कसब पाहून सर्वेक्षण खात्याने त्यांना उचलले. विलायतेहून आलेल्या यंत्रकाराच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि तो गेल्यावर त्याची जागा यांनी घेतली. यंत्राच्या वर्तुळावर जे बारीक अंश कोरलेले असतात ते झिजले किंवा वाकडे झाले तर शेकडो मैलांवरचा त्रिकोण चुकतो. ते अंश नीट ठेवणारा हात यांचा होता. एव्हरेस्टने त्यांची मोकळ्या मनाने तारीफ लिहून ठेवली आहे, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे, कारण तो तारीफ करण्याबद्दल मशहूर नव्हता.

दुसरे नाव मुन्शी अब्दुल हमीद. हिंदुस्थानच्या नकाशाला उत्तरेकडे एक काठ होता. काराकोरमच्या पलीकडे गोऱ्या माणसाला जाणे जिवावरचे होते. काश्मीरची मोजणी करणाऱ्या कॅप्टन माँटगोमेरीच्या लक्षात आले की लडाखमधून यारकंदला व्यापारी मात्र ये-जा करतात. मग ज्याला मोजणी येते असा आपलाच माणूस व्यापारी म्हणून का पाठवू नये? १८६३ साली अब्दुल हमीद लेहहून काफिल्याबरोबर निघाले. सामानात लहान सेक्स्टंट, होकायंत्र, तापमापक, घड्याळे. काराकोरमची खिंड ओलांडून सप्टेंबरअखेर ते यारकंदला पोहोचले आणि हिवाळाभर तिथे राहिले. रात्री, कुणाचे लक्ष नसताना, तारे बघायचे आणि अक्षांश काढायचे. दिवसा थंडीचे आकडे टिपायचे. पाण्याला उकळी किती अंशांवर फुटते हे मोजले की त्या जागेची उंची कळते, ती युक्ती त्यांना शिकवलेली होती. वसंतात तिथल्या अधिकाऱ्यांना शंका येऊ लागली म्हणून ते परत फिरले. लडाख जवळ आले असताना वाटेतच त्यांचा इंतकाल झाला. बरोबरच्या लोकांनी सांगितले, रानटी रेवाचिनी खाऊन विषबाधा झाली. काहींना निराळाच संशय होता. जॉन्सन नावाचा सर्वेक्षक त्या भागात होता, त्याने चौकशी करून त्यांच्या वह्या मिळवल्या. वह्या माँटगोमेरीकडे पोहोचल्या, आकडे पडताळले गेले आणि यारकंद नकाशावर आपल्या जागी बसले.

या यशावरून पुढे पंडित नैनसिंह तिबेटात गेले, ज्यांच्या माळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, पावले मोजण्यासाठी. मिर्झा शुजा काबूलहून पामीरमार्गे काश्गरला जाऊन आले. पुढच्या एका सफरीत, बुखाऱ्याच्या वाटेवर, त्यांचा झोपेत खून झाला. यांच्या सुरक्षिततेसाठी अहवालांत नावे लपवली जात: मिर्झा, मुल्ला, हवालदार, पंडित. नाव लपवणे तेव्हा गरजेचे होते. नंतर ते उघड करण्याची कुणाला घाई नव्हती. मला एक गोष्ट खटकते, आणि ती मी लपवत नाही: ही माणसे आपल्या देशासाठी चालली नाहीत, साम्राज्यासाठी चालली. तरीही त्या वह्यांतल्या थंडीच्या आकड्यांसमोर माझी तक्रार टिकत नाही.

विसाव्या शतकात नकाशा विमानात चढला आणि मग अवकाशात. आपल्याकडची सुरुवात मात्र नारळाने झाली. केरळात माडांना मुळापासून मरगळ आणणारा रोग होता. १९७० साली पी. आर. पिशरोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त किरण टिपणाऱ्या फिल्मवर माडांच्या बागांची छायाचित्रे घेतली. निरोगी पान हे किरण भरपूर परतवते, आजारी पान कमी. डोळ्याला हिरवे दिसणारे झाड फिल्मवर वेगळ्या रंगाचे उमटते. पिशरोटींना भारतातील सुदूर संवेदनाचे जनक म्हणतात ते यामुळे. झाड रोगी आहे की नाही हे सिद्ध व्हायला शेवटी बागेतच उतरावे लागते, हे अर्थातच त्यांना ठाऊक होते.

१९७२ साली अमेरिकेचा पहिला लँडसॅट गेला. १७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए बैकानूरहून उडाला. सुमारे नऊशे किलोमीटरवरून तो पृथ्वी बघत असे आणि बावीस दिवसांनी त्याच जागेवर परत येई. त्याच्या एका कॅमेऱ्याचा चित्रबिंदू साडेबाहत्तर मीटरचा होता. हिशोब करा: एका बिंदूत सुमारे बावन्न गुंठे. आमचे कबरस्तान त्यात अर्ध्या ठिपक्याएवढेही नव्हते, शेजारच्या ज्वारीत मिसळून गेलेले. पण एवढ्या जाड नजरेनेही जिल्ह्याचा पीकपेरा, आटलेले तलाव, भूजलाच्या जागा, तुटलेले रान हे सगळे दिसत होते, आणि दुष्काळी मुलखाला त्याची किंमत मोठी होती. २००५ सालच्या कार्टोसॅट-१चा बिंदू अडीच मीटरचा. त्यात आमचे कबरस्तान सुमारे चारशे ठिपक्यांचे झाले. नजर किती बारीक झाली! तरी 'अहले-इस्लाम' हे दोन शब्द त्या चारशे ठिपक्यांत कुठेच नाहीत.

वर्गात मी पहिल्यांदा उपग्रहाचे रंगीत चित्र लावले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाजी, ये खेत लाल कायकू?" मी सांगितले, आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण दाखवायचे तर त्यांना कुठला तरी रंग उसना द्यावा लागतो. तो लाल दिला, म्हणून जोमदार पीक लाल. "मग ऊस कुठला आणि गहू कुठला?" या प्रश्नाचे उत्तर चित्र एकट्याने देत नाही. शास्त्रज्ञ चित्र घेऊन शिवारात जातात, शेतकऱ्याला विचारतात, इथे काय पेरले आहे? दहा-वीस ठिकाणी विचारून झाले की मग यंत्र बाकीचे ओळखू लागते. या पडताळणीशिवाय प्रतिमेचा नकाशा होत नाही. अब्दुल हमीद यांचे काम संपलेले नाही, असे मला तेव्हा वाटले.

एक गोष्ट मुलांना सांगताना जड जाते. ३० जुलै २०१४च्या सकाळी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. पहिली खबर दिली ती एसटीच्या ड्रायव्हरने. रोजच्या रस्त्यावरून आला आणि बघतो तो गाव नाही. दीडशेच्या वर माणसे गेली. स्थलदर्शक नकाशावर माळीण जिथल्या तिथे होते, नकाशाला काय माहीत. पावसाळ्यात साधा उपग्रहकॅमेरा ढगांपुढे आंधळा असतो. त्यासाठी रडार लागते. ते ढगांतून पार बघते, रात्रीही बघते. आपला रिसॅट-१ २०१२ साली गेला तो असा. आणि ३० जुलै २०२५ला, माळीणला बरोबर अकरा वर्षे झाली त्याच तारखेला, भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह सोडला गेला. तो बारा-बारा दिवसांनी त्याच जमिनीवरून जातो आणि ती काही सेंटिमीटर जरी सरकली तरी ओळखू शकतो. डोंगर सुटण्याआधी अनेकदा हळूहळू सरकत असतो. ते सरकणे कुणी वेळेवर वाचले आणि वाडीवर जाऊन सांगितले, तर.

नकाशे कुणाला बघू द्यायचे, हाही एक इतिहासच आहे. कितीतरी वर्षे सरहद्दीकडचे आणि किनाऱ्याचे नकाशे सामान्य माणसाला मिळत नसत. २००५च्या धोरणाने फौजेची मालिका वेगळी आणि सर्वांसाठीची वेगळी केली, २०२१मध्ये आणखी मोकळीक आली. आता मोबाइलवर जे दिसते ते माँटगोमेरीने बघितले असते तर त्याने कपाळाला हात लावला असता.

कबरस्तानाची मोजणी फेब्रुवारीत झाली. भूकरमापक तरुण होता, पाठीवर रोव्हर घेऊन आला. उपग्रहांचे संकेत पकडून ते यंत्र जागा सेंटिमीटरपर्यंत सांगते. पण जुना नकाशा जमिनीवर बसवायला जुनी खूण हवी, आणि कोपऱ्यावरचा दगड सापडेना. तो सापडला शेजारचे शेतकरी अण्णा आल्यावर. बाभळीच्या बुंध्याशी त्यांनी काठी टेकवली आणि म्हणाले, "इथं उकरा. माझा बाप न्याहारीला ह्याच्यावर बसायचा." हातभर खाली दगड निघाला.

मग आकडे आले. रस्त्याचे खांब नऊ फूट आत होते, मामूंचे म्हणणे खरे निघाले. पण दुसऱ्या बाजूला कबरस्तानही चार फूट अण्णांच्या शेतात गेलेले निघाले, आणि त्या चार फुटांत दोन कबरी होत्या. मामू काही बोलेनात. अण्णा बराच वेळ बांधाकडे बघत राहिले, मग भूकरमापकाला म्हणाले, "तेवढं तसंच लिहा. मी नांगर अलीकडनं वळवतो." त्याने सांगितले, तसे लिहिता येत नाही, नकाशात जे आहे तेच लिहावे लागते. शेवटी पंचनाम्यात हद्द नकाशाप्रमाणे आली आणि अण्णांनी नांगर अलीकडून वळवला.

खांब अजून जिथल्या तिथे आहेत. अर्ज दिला आहे. सोबत नकाशाची नक्कल जोडली आहे, आणि तिच्यावरचे उर्दू मी मराठीत लिहून, खाली सही करून दिले आहे.